सोनाआत्यांचा चातुर्मास

चातुर्मास जवळ आला की आमच्या गावातल्या बायका वांगं सोडतात, कांदा-लसूण सोडतात, एखादी गोडाला हात लावत नाही. सोनाआत्या मात्र असं काही सोडतात की गावाला घाम फुटतो. आषाढी एकादशीच्या आधी खुद्द सरपंच त्यांच्या ओसरीवर येऊन बसतात आणि हळूच विचारतात, "आत्या, औंदा काय सोडायलाव?"

मी येरमाळ्याजवळच्या या गावात शाळामास्तर म्हणून आलो आणि आत्यांच्या शेजारी राहू लागलो. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, थोडी शेती. दर मंगळवारी येडेश्वरी देवीला जायचंच. आवाज असा की देवीच्या आराध्यांची गाणी त्यांच्याशिवाय रंगत नाहीत. त्यामुळं नवरात्रात घट बसवायला, बारशाला, पूजेला त्या प्रत्येक घरात लागतात. त्यांना नाही म्हणायची सोय कुणालाच नाही, हीच गावाची अडचण.

"वांगं सोडून देवीला काय मिळतंय, सर?" त्या एकदा मला म्हणाल्या. "तिला काय वांग्याचं वावडं हाय? आपण सोडलेलं कुणाच्या तरी कामी यावं. न्हायतर नुसती उपासमार."

एका वर्षी त्यांनी बसणं सोडलं. ग्रामसभेत बायकांना दारात उभं राहून ऐकावं लागे, म्हणून. बायकांना बसायला जागा होईपर्यंत चारचौघांत आपणही बसायचं नाही. कळंबच्या एसटीत जागा रिकामी असताना आत्या दांडा धरून उभ्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसा की." आत्यांनी कारण सांगितलं आणि कळंब येईपर्यंत अख्ख्या गाडीला आमच्या ग्रामसभेची माहिती झाली. लग्नात त्या पंगतीतही उभ्यानं जेवल्या. नवरीचा बाप हात जोडून दमला. शेवटी नवरात्राच्या आधी सरपंचांनी बायकांसाठी सतरंजी अंथरली, तीही पुढच्या बाजूला.

"आत्या, आता देवीला मधी घालू नका," सरपंच म्हणाले.

"मधी कुठं? तीच म्होरं हाय. म्या मागनं चालायले."

आणि मग ते कपाचं वर्ष आलं. गावात बऱ्याच घरांत गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या गड्यांसाठी चहाचा कप वेगळा असे. गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला, ज्यानं प्यायचा त्यानंच धुवायचा. आत्यांनी एकादशीला नेम धरला, की कार्तिकीपर्यंत चहा प्यायचा तो त्याच कपात. चहा म्हणजे आत्यांचा जीव. ज्या घरी जातील तिथं विचारायच्या, "तो गड्याचा कप कुठाय? त्यातच द्या, नेम हाय."

यजमानीण गोरीमोरी व्हायची. कुणी म्हणे हरवला. "सापडंस्तोवर बसते की," म्हणत आत्या भिंतीला टेकायच्या. माझ्याकडंही आल्या. मी म्हणालो, तसला कपच नाही. "मग कशातबी द्या," त्या खूश होऊन म्हणाल्या आणि दोनदा चहा प्याल्या.

गणपती येईपर्यंत जवळजवळ सगळे कोनाडे रिकामे झाले. मनं बदलली असं मी म्हणणार नाही. आत्या पाहुण्यांसमोर कप मागतील याची धास्ती जास्त होती. पण गडी ओसरीवर बसून चहा पिऊ लागले, हे खरं.

राहिलं एक घर. वसंतअण्णांचं. अण्णा म्हणजे आत्यांचा सख्खा धाकटा भाऊ, गावातला मोठा शेतकरी. गणपतीच्या आधी, राखीपौर्णिमेला आत्या तिथं राखी बांधायला गेल्या होत्या. वहिनींनी चहा आणला.

"ह्यात न्हाय. गोठ्यातल्या कपात दे."

अण्णा तापले. "बापाच्या घरात तू गड्याच्या कपात पिणार?"

"देवीला सांगितलंय म्या. तुझं घर वगळून सांगितलं न्हाय."

"मग ह्या घरात येऊ नको."

आत्या चहा न घेता उठल्या. त्यानंतर भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालं.

भाऊबीज आली. मी संध्याकाळी फराळाचं ताट घेऊन आत्यांकडं गेलो, तर त्या धुवट लुगडं नेसून बसलेल्या, पुढं ओवाळणीचं तबक.

"अण्णा यायचेत का?"

"तो कशाला येतोय," त्या म्हणाल्या. चुलीवर चहाचं आधण मात्र दोघांपुरतं होतं.

मी निघणार तेवढ्यात अण्णाच दारात आले. चपला न काढता उभे राहिले.

"तो कप टाकला," ते म्हणाले.

"कुणी?"

"म्याच. दिवाळीला गोठ्याला चुना द्यायचा होता, तवा उकिरड्यावर टाकला. तर आपल्या गड्यानं, मारुतीनं, उचलून आणला, धुतला, आन् परत कोनाड्यात ठेवला. मालकाची वस्तू चुकून गेली म्हणला. मला कसंतरीच झालं गं. परत टाकला. आता तो ओसरीवर बसून घरातल्या कपात पितोय. तुझी वहिनी अजून धुसफुसायलीय."

"बस," आत्या म्हणाल्या. त्यांनी ओवाळलं, चहा दिला, स्वतःही घेतला. बोलणं पाऊसपाण्यापलीकडं गेलं नाही.

अण्णा गेल्यावर मी म्हणालो, "जिंकलात की आत्या."

त्या हसल्या नाहीत. पाय लांब करून सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळू लागल्या. "ओढ्याचा चढ बाधला बघा. राखीपासनं देवळाला तिकडनंच जायले. सरळ वाट अण्णाच्या दारावरनं हाय ना."

"एवढा राग आला होता?"

"राग कसला, सर. म्या दिसले की तो तोंड फिरवायचा. आन् एकदा तोंड फिरवलं की त्याला दिवसभर अन्न गोड लागत न्हाय. लहान होता तवापासनं तसंच हाय त्याचं." त्यांनी पदरानं हात पुसला. "माझ्यापायी उपाशी कशाला ठेवू त्याला?"