जाड शेपटीचा पाऊस

राणेकाकांसमोर आमच्या परळच्या इमारतीत कुणी "काय पाऊस आहे!" म्हणत नाही. म्हटलं की काका विचारतात, "कुठल्या आलेखाप्रमाणे?" आणि मग हातातला चहा गार होतो.

काका माझ्या समोरच्या घरात एकटेच राहतात. सगळी नोकरी नाल्यांचे आराखडे करण्यात गेली. निवृत्त झाले, पण पाऊस सुटला नाही. दर वर्षातला सगळ्यात मुसळधार दिवस घ्यायचा, त्या आकड्यांवर कुठला आलेख चपखल बसतो ते शोधायचं आणि त्यावरून शंभर वर्षांतून एखाद्या वेळी येणारा पाऊस केवढा असेल ते सांगायचं, हा त्यांचा उद्योग. घंटेच्या आकाराच्या आलेखावर त्यांचा भारी राग. "लबाड मेलो! त्याची टोकाकडची शेपटी लगेच बारीक होते. म्हणजे मोठा पाऊस येणारच नाही म्हणतो. जाड शेपटीचा घ्यावा. सरासरीत कोण बुडत नाही गो, माणूस बुडतो तो शेपटीत."

सोसायटीच्या सभेत तळघरातल्या पंपाचा विषय निघाला, तेव्हा काका शेपटीवर इतकं बोलले की सेक्रेटरी म्हणाले, "काका, कुत्र्यांचा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ." सगळे हसले. काकाही हसले. मग सगळे गेले आणि खुर्च्या काकांनी एकट्यानेच आवरल्या.

गेल्या जुलैत एका दुपारी पाऊस नुसता कोसळायला लागला. ऑफिसात मला काकांचा फोन आला. "निघू नको. हा साधा नाही. आहेस तिथेच थांब." इमारतीतल्या आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला त्यांनी असाच फोन केला होता. सगळ्यांनी ऐकलं, मी सोडून. वरळीहून गुडघाभर पाणी तुडवत संध्याकाळी घरी पोचले.

काकांचं दार सताड उघडं होतं. शेगडीवर गणपतीत काढतात तसलं मोठं पातेलं, खिचडीने काठोकाठ. जमिनीवर मजल्यावरच्या सगळ्यांसाठी ताटं मांडलेली.

"एवढी कुणासाठी, काका?"

"भिजून येतील ना सगळे. भुका लागल्या असतील."

"पण तुम्हीच तर सगळ्यांना थांबा म्हणालात!"

काका हातात डाव घेऊन उभेच राहिले. "होय गो," ते हळूच म्हणाले. मग वाकून एकेक ताट उचलायला लागले.

मी ओल्या कपड्यांनीच एका ताटावर बसले. "राहू द्या ती ताटं, काका. पाणी ओसरलं की येतील सगळे. मला वाढा आधी."

त्यांनी वाढलं, वर तूप सोडलं. मग लगबगीने उठून पातेल्यावर झाकण घातलं, खिचडी गरम राहावी म्हणून.