अर्ध्या मिशांचा दहावा

गेणूआबांच्या दहाव्याला नीरेच्या काठी पिंड मांडून दुपार कलली, तरी कावळा शिवेना. आबा डाव्या कानाने ठार बहिरे. म्हणून त्यांची बायको बानूबाई जन्मभर त्यांच्या उजव्या हाताला चालल्या आणि हुकूम सोडत आल्या. "माझ्या आधी जायचं न्हाय," हा एकच हुकूम आबांनी मोडला होता.

"आबा, मेंढरं इकत न्हाय," मुलगा सर्जेराव हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म. मिशी उतरवल्यामुळे आबांनी मुलाला ओळखले नसावे, कारण दोन पाहुणे मघाशी त्याच्याचपाशी "सर्जेराव कुठं हाय?" असे विचारून गेले होते.

बानूबाईंची नजर झाडाखालच्या जाळीच्या पिंजऱ्यावर गेली. त्यांची नात मनिषा पुण्याच्या प्रयोगशाळेत शिकत होती. प्रयोगातल्या उंदराच्या पिलांच्या मिशा रोज कातराव्या लागतात म्हणून ती उंदरीण अन् पिले घेऊनच सुतकात आली होती, आणि घरच्या मांजरीच्या धाकाने पिंजरा नदीवरही आला होता. ती स्वतः गावात सरांना फोन करायला गेली होती.

बानूबाईंनी झाकण उचलले. प्रत्येक पिलाच्या डाव्या मिशा कातरलेल्या, उजव्या शाबूत! आबांनी हयातीत अर्धे कातरलेले मेंढरू हातातून सोडले नव्हते. पाऊस आला तरी दुसरी कूस पुरी करूनच उठत. दुःखात पोरीचे काम अर्धे राहिले, आणि त्यातच म्हाताऱ्याचा जीव अडकला.

"सोनबा, कातरी आण."

"काकी, उंदराची हजामत? उद्या गिऱ्हाईक येईल का माझ्याकडं?"

"आबा तिकडं खोळंबल्यात. कातर!"

सोनबा न्हाव्याने शेवटचे पिलू खाली ठेवले, तोच कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. सोनबाने कातरीला नमस्कार केला.

मनिषा परतली आणि पिंजऱ्यातले एकेक पिलू उचलून पाहू लागली.

"आज्जे, एक बाजू मी मुद्दाम ठिवली हुती गं."

"अर्धवट?"

"मिशीगणिक मेंदूत एकेक घर असतं. मिशीला काही लागलं की पेशी एकमेकींना निरोप धाडत्यात. त्यासाठी प्रथिनं लागत्यात. निरोपावरनं लहानपणी घरांचा नकाशा नीट बसतो. निरोपच न्हाय आले तर त्या प्रथिनांचं काय होतं, ते दोन बाजू ताडून बघायचं होतं. आता ताडायला बाजूच न्हाय. वर्षाचं काम गेलं."

आजोबा गेल्यापासून कोरडी राहिलेली मनिषा हुंदके देऊ लागली. कुणासाठी, हे कोणी विचारले नाही. बानूबाईंना क्षमा मागण्याची सवय नव्हती. त्यांनी नुसता नातीच्या पाठीवर हात ठेवला. मग विचारले, "अन् थोराड उंदराच्या मिशा गेल्या तर?"

"त्याचा नकाशा बसलेला असतो आज्जे. मिशा गेल्या तरी घरं जाग्यावर राहत्यात."

बानूबाई उठल्या.

परतीची वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होती. तरी त्या उजव्या कडेच्या बाभळींना घासत चालल्या. पदर काट्यांत अडके. त्या सोडवून घेत.

"आये, मधनं चाल की," सर्जेराव म्हणाला.

"तू हो पुढं."

मनिषा पिंजरा घेऊन आजीच्या डाव्या हाताच्या मोकळ्या जागेत आली, थबकली, आणि मागे सरली.

"बिगी बिगी चला, अंधार पडंल," डावीकडे मान वळवून बानूबाईंनी हुकूम सोडला.