‘देव भलं करो’ या शेऱ्याचा कायदेशीर अर्थ

माणसाला दुखतं, ही गोष्ट सरकारला तत्त्वतः मान्य आहे. किती जणांना आणि महिन्यातून किती वेळा दुखावं, याचा तक्ता मात्र औषध खात्याकडे असतो, आणि दुखणाऱ्यांनी त्यात बसावं एवढीच खात्याची माफक अपेक्षा असते.

डॉ. वेंडेल स्टॅम्पर त्या तक्त्यात बसले नाहीत. अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियाच्या डोंगरांतल्या त्यांच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नऊ हजार माणसं, एक बंद पडलेली कोळशाची खाण आणि एक डॉक्टर. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या शंभर टक्के चिठ्ठ्यांवर एकाच माणसाची सही आहे, हे खात्याच्या संगणकाने मोठ्या हुशारीने हेरलं. (दुसरा सही करणारा साठ मैलांवर राहतो, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.) मग दोन सभ्य गृहस्थ आले आणि एक्केचाळीस खोकी केसपेपर घेऊन गेले. रीतसर पावती दिली. पावतीत मासेमारीचं एक मासिकही होतं, वर्गवारी : ‘संदिग्ध’.

अशा वेळी साधा वकील चालत नाही. व्हर्ना टॅकेट जन्माने याच डोंगरातल्या, आणि वकिली करत ती फक्त गोळ्यांपायी गोत्यात आलेल्या डॉक्टरांची. त्यांना कामाची ददात नव्हती.

“आजपासून कुणाशी बोलायचं नाही,” त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं.

“हवापाण्यावरसुद्धा?”

“हवापाण्यावर तर मुळीच नाही. ‘थंडीत सगळ्यांचीच कंबर धरते’ म्हणालात, की झाला कबुलीजबाब.”

“अहो वकीलबाई, पण मी काही वाईट केलेलं नाही.”

“त्याला पुरावा नाही, डॉक्टर. लिहिलंय, त्याला आहे.”

आणि लिहिलेलंच नडलं. खात्याने बॉस्टनहून एक तज्ज्ञ आणला होता. त्याने चार महिने केसपेपर वाचले आणि दोनशे सत्त्याऐंशी पेशंटांच्या कागदांवर, तळाशी, डॉक्टरांच्या अक्षरात एकच शेरा शोधून काढला : ‘देव तिचं भलं करो’ किंवा ‘त्याचं भलं करो’. वैद्यकशास्त्रात असा आजार नाही, उपचारही नाही. सबब ही सांकेतिक भाषा असून तिचा अर्थ ‘हिला हव्या तेवढ्या गोळ्या द्या’ असा होतो, असं त्याने एकोणीस पानांत आणि दोन आलेखांत सिद्ध केलं.

व्हर्नाबाई अहवाल वाचून इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा पुसावा लागला. डोंगरात हे वाक्य दोन प्रसंगी म्हणतात : माणूस खरोखर दुःखात असला म्हणजे, आणि माणूस शुद्ध थापा मारतोय पण तोंडावर म्हणायची सोय नसली म्हणजे. फरक सुराचा असतो. केसपेपरवर सुरासाठी रकाना नाही.

मग त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून हिशेब मांडला. दोनशे सत्त्याऐंशीपैकी सव्वीस जण मरणपंथाला लागलेले. त्यांना गोळ्या दिल्या होत्या. उरलेल्या दोनशे एकसष्ट जणांनी जादा मागितल्या होत्या; त्यांना एकही दिली नव्हती. यांपैकी बावन्न जणांच्या गोळ्या ओढ्यात पडल्या होत्या, एकाहत्तर जणांच्या मेहुण्याने चोरल्या होत्या (नऊ जणांचा मेहुणा एकच), चौतीस जणांच्या कुत्र्याने खाल्ल्या होत्या, तिघांना लग्नकार्यासाठी जरा जास्त हव्या होत्या, आणि एकशे एक जणांना कारण आठवत नव्हतं, दुखत मात्र होतं.

“सुटलात तुम्ही,” व्हर्नाबाई म्हणाल्या. “फक्त शपथेवर अर्थ सांगायचा. भर सुनावणीत.”

“गावासमोर?”

“नावं येणार नाहीत, नुसते नंबर. आणि हे बघा, परवाना गेला तर त्या सव्वीसांपैकी जे अकरा अजून जिवंत आहेत, त्यांनी पुढची गोळी साठ मैलांवरून आणायची. अंथरुणावरून उठून. ठरवा तुम्ही.”

ठरवण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. तरी डॉक्टर दोन रात्री झोपले नाहीत.

सुनावणीला हॉल गच्च भरला. सगळ्यांत पुढे एल्झाडा मावशी. डॉक्टरांच्या बाजूने अकराशे सह्या तिनेच गोळा केल्या होत्या, आणि सफरचंदाचा सात थरांचा केक मांडीवर घेऊन ती बसली होती. डॉक्टरांच्या कागदांत ती पेशंट क्रमांक चौदाही होती.

“या शेऱ्याचा अर्थ काय?” परवाना देणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

“म्हणजे... ते मरणपंथाचे सव्वीस सोडले, तर पेशंट जे सांगतोय, ते मला पूर्णपणे पटलेलं नाही.”

“सोप्या भाषेत, डॉक्टर,” व्हर्नाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं नाही. “थापा मारतोय.”

“उदाहरण?”

“क्रमांक चौदा. कुत्र्याने गोळ्या खाल्ल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा खाल्ल्या. तिसऱ्या महिन्यात कुत्रा दवाखान्यात आणला, चांगला उड्या मारत होता.”

“माझ्या बिस्किटचं पोट दगडाचं आहे!” एल्झाडा मावशी उठून कुत्र्याच्या बाजूने ओरडली. हॉलमधल्या सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मग ती केक सावरून, अगदी गोड आवाजात म्हणाली, “देव तुमचं भलं करो, डॉक्टर.”

यातला सूर सबंध हॉलला कळला. बॉस्टनच्या तज्ज्ञाने आपल्या वहीत ‘पेशंटने कृतज्ञता व्यक्त केली’ अशी नोंद केली. केक त्यालाच मिळाला.

परवाना राहिला. अकरा जणांच्या गोळ्या त्याच संध्याकाळी घरपोच गेल्या. एल्झाडा मावशी पुढच्या गुरुवारी ठरलेल्या वेळी दवाखान्यात आली. साठ मैल तिलाही लांबच पडत होते.

आपले कागद पाहण्याचा हक्क प्रत्येक पेशंटला आहे, म्हणून दवाखान्याच्या काउंटरवर पाचशे कोरे अर्ज ठेवण्यात आले. वर्ष झालं, पाचशेच्या पाचशे जागेवर आहेत. मावशीचं तर सगळ्यांसमोरच उघड झालं; थापा मारणारे बाकीचे ‘ते दोनशे साठ’ कोण, हे काउंटीत प्रत्येकाला पक्कं ठाऊक आहे, आणि सांगणारा स्वतः त्यांत कधीच नसतो.

तुमचेही कागद कुठल्या तरी दवाखान्यात आहेत. मागच्या खेपेला ‘दहापैकी किती दुखतंय?’ असं विचारल्यावर तुम्ही नऊ म्हणालात, तेव्हा डॉक्टरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि खाली मान घालून काहीतरी लिहिलं. अर्ज फुकट मिळतो. एका पानाचा आहे.