आधी इश्यू, मग लाकडं

आमच्या चाळीत मिरचीची फोडणी गॉगल लावून देणारा एकच माणूस आहे. त्याचं नाव बिराजदार.

गॉगल म्हणजे उन्हाचा नव्हे. कंपनीत ग्राइंडरवरची पोरं लावतात तो, बाजूनंही बंद असलेला. तेल तापलं की बिराजदार तो डोळ्यांवर चढवतो, एक पाऊल मागं सरतो, लांब दांड्याच्या पळीतनं मिरच्या सोडतो आणि ओरडतो, "बाजूला व्हा!" खोलीत तो एकटाच असतो. कुणी बाजूला व्हायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

चाळ माझी. कुरुळीत आमचं शेत होतं तिथं आता गोदामं उभी आहेत. उरलेल्या तुकड्यावर मी खोल्या बांधल्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. पोरं येतात, लग्न ठरलं की मोठी जागा बघून जातात. बिराजदार लातूरकडनं आला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या, त्या आमच्या कडेच्या खोलीतच पांढऱ्या झाल्या. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. मालकानं भाडेकरूला दोनच गोष्टी विचाराव्यात. पाणी आलं का, आणि दिवसाढवळ्या दिवा का जळतोय.

चाकणच्या एका कंपनीत तो स्टोअरच्या खिडकीवर होता. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कामगारांनी खिडकीसमोर रांग लावायची, आपला पितळी बिल्ला आत द्यायचा आणि हातमोजे, गॉगल, लागेल ते हत्यार घ्यायचं. बिल्ला खिळ्याला. शिफ्ट सुटली की सामान परत, बिल्ला परत. या देण्याला ते लोक 'इश्यू' म्हणतात. बिराजदारचं सगळं आयुष्य त्या एका शब्दात गेलं. "आधी इश्यू, मग काम," हे वाक्य तो देवाचं नाव घ्यावं तसं घेतो. आमच्या नातीला पाटावर बसवून अक्षर गिरवायला शिकवत होते तेव्हासुद्धा म्हणाला, "पेन्सिलीचं टोक बगा आधी, लई टोकदार हाय."

मागच्या शिमग्याला तो रिटायर झाला. तेव्हापासून "गावाकडं जातो आता" म्हणायला लागला. गावाकडं कोण? तर भावाचं कुलूप लावलेलं घर. भाऊ सुरतेला.

आमची मंडळी मला म्हणाली, "आवं, त्याला थांब म्हना. तिथं भुतासारखा एकला ऱ्हाईल त्यो."

मी म्हणालो, "मी कुनाला थांब म्हनत न्हाई. ज्याला जायचंय त्यो जाईल."

असा माझा स्वभाव आहे आणि या वयात तो बदलायचा माझा विचार नाही. शिक्षण तिसरी, पण माझ्या घरात माझ्या मतापुढं पोराचं इंजिनिअरिंग चालत नाही. त्यानं गच्चीवर सोलर बसवला. मी त्या पाण्यानं अंघोळ करत नाही. ज्या पाण्याला धुराचा वास नाही, त्यानं अंग ओलं होतं, अंघोळ होत नाही. मला तांब्याचा बंब लागतो आणि बंबाला लाकडाच्या ढलप्या लागतात.

तर या उन्हाळ्यात वारं सुटलं आणि बांधावरची जुनी बाभूळ मुळासकट आडवी झाली. बंबाची दोन-तीन वर्षांची सोय झाली म्हणून मी खूष. पण तोडायला माणूस मिळेना. ज्याला विचारावं तो कंपनीत. मग मी चाकणला गेलो आणि पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन आलो. चेनवाली. पोराला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोतराचा काचा मारला, पायात चपला, डोक्याला टोपी, आणि बाभळीजवळ जाऊन दोरी ओढली. मशीन असं काही गरजलं की शेजारच्या गोदामाचा वॉचमन बाहेर आला. आणि कडेच्या खोलीतनं बिराजदार बनियनवर पळत आला.

"आण्णा! बंद करा! बंद करा आधी!"

"कामून?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. त्याला चिडवायला मला बरं वाटतं.

"मशीनला डोळे नसत्यात, आण्णा. तिला बाभूळ बी सारखीच आन तुमची मांडी बी सारखीच. पायात चप्पल घालून करवत चालवायलाव? इश्यू कुठाय तुमचा?"

"माजं रान, माजी बाभूळ, माजी मांडी. तू कोन रं?"

यावर शहाण्या माणसानं निघून जायला हवं होतं. बिराजदार बाभळीच्या खोडावर बसला. बरोबर जिथं मला कापायचं होतं तिथं. "चालवा," म्हणाला. "माज्यावरनं चालवा."

मी मशीन बंद केलं. मीही समोर दगडावर बसलो. हटायचं नाही असं दोघांनी ठरवल्यावर काय होणार? ऊन वर आलं. मंडळी आली, दोघांच्या हातात चहा दिला आणि जाता जाता म्हणाली, "एक खोंड व्हतं घरात, आता जोडी झाली."

पुढं त्याच्या नावानं एक मोठं पार्सल आलं; ते येईपर्यंत तो रोज सकाळी त्या खोडावर येऊन बसत होता. मोबाईलवरनं त्यानं काय काय मागवलं होतं ते मला पार्सल फोडल्यावर कळलं. सगळं स्वतःच्या पदरचं. कंपनीतनं निघताना त्यानं एक फाटका हातमोजासुद्धा घरी आणला नव्हता, तसा माणूस आहे.

पार्सल आलं त्या दिवशी मी त्याच्या दारात गेलो. दार उघडं होतं. तरी तो म्हणाला, "इकडनं न्हाई, खिडकीला या."

"आरं, दार उगडं हाय की."

"इश्यू खिडकीतनंच होतो, आण्णा."

माझ्याच चाळीत, माझ्याच खिडकीबाहेर मी रांगेत उभा राहिलो. रांगेत मी एकटाच. आत बिराजदारनं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"बिल्ला?"

"मी काय तुज्या कंपनीत हाय व्हय?"

"बिल्ल्याबिगर माल सुटत न्हाई."

शेवटी मी डोक्यावरची टोपी काढून दिली. गावात कुणापुढं मी टोपी काढलेली नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, खिळ्याला अडकवली आणि मग एकेक वस्तू खिडकीतनं बाहेर यायला लागली. पुढं जाळी असलेलं हेल्मेट, म्हणजे भुसा डोळ्यात जात नाही. कानावर दाबून बसणारे डबे. पकड सुटू नये असले हातमोजे. बोटांवर लोखंडी वाटी असलेले बूट, आणि माप माझ्या पायाचं! कधी घेतलं विचारलं तर म्हणाला, "अंगणात तुमच्या चपला असत्यातच की." मग पाचरी, म्हणजे करवत खोडात अडकली तर फट धरून ठेवायला. मलमपट्टीचा डबा. गळ्यात घालायला शिट्टी, तसलीच एक त्याच्याही गळ्यात होती. आणि सगळ्यात शेवटी मांड्यांवरनं खालपर्यंत बांधायचं एक जाड, नारंगी, रजईसारखं काहीतरी.

"हे कशाला? थंडी न्हाई वाजत मला."

"ह्याच्या आत धागे हायत. चेन टेकली तर धागे चेनीला गुंडाळत्यात आन मशीन जागेवर थांबतंय."

"माजी चेन टेकत न्हाई."

"तरी बांदा."

सगळं चढवून मी अंगणात आलो तर आमचं कुत्रं माझ्यावर भुंकलं. मंडळी पदर तोंडाला लावून आत पळाली. वॉचमननं गेटवर सलाम ठोकला. त्याला वाटलं कुणी साहेब आला.

काम सुरू झालं. बिराजदारचा आणखी एक नियम होता. एकट्यानं करवत चालवायची नाही, हाक पोचेल इतक्या अंतरावर दुसरा माणूस पाहिजे. तो दुसरा माणूस म्हणून तो लांब स्टूल टाकून बसायचा आणि माझ्यावरनं नजर हलवायचा नाही. मी खांद्याच्या वर करवत उचलली की शिट्टी. खोडावर चढलो की शिट्टी. तंबाखू मळायला थांबलो तरी शिट्टी, कारण पेट्रोलचा कॅन जवळ आहे. रोज संध्याकाळी मी सामान खिडकीत परत द्यायचो. तो प्रत्येक वस्तू पुसायचा, टोपी परत द्यायचा आणि म्हणायचा, "माणूस सहीसलामत, माल सहीसलामत."

बाभूळ संपत आली. शेवटची एक फांदी राहिली होती, मनगटाएवढी. एवढ्याशा फांदीला काय जोर लावायचा म्हणून मी करवत नुसती टेकवली आणि फांदी लोण्यासारखी कापली गेली. माझा हात मात्र थांबला नाही. करवत फांदीतनं सुटली ती सरळ खाली, डाव्या मांडीवर.

आवाज एकदम बंद झाला. मी खाली पाहिलं. नारंगी कापड फाटलं होतं आणि आतनं पांढऱ्या धाग्यांचा गुंताच्या गुंता बाहेर येऊन चेनीला बसला होता. पाय होता तिथंच होता.

शिट्टी वाजली नाही. बिराजदार स्टूल पाडून पळत आला, माझ्यापुढं गुडघ्यावर बसला आणि ती फाटलेली जागा दोन्ही हातांनी चाचपायला लागला. मला वाटलं आता बोलेल, 'सांगितलं होतं ना.' त्याची ती वेळ होती, आणि मी ऐकूनही घेतलं असतं. तो फक्त म्हणत होता, "रगात न्हाई. न्हाई ना, आण्णा? रगात न्हाई."

त्या संध्याकाळी मी सामान परत द्यायला गेलो. त्यानं सगळं पुसलं. ते फाटलेलंही पुसलं, घडी घातली. टोपी दिली. मग खिडकीच्या गजाला धरून म्हणाला, "खिडकीवर होतो तवा बरं होतं, आण्णा. सांजच्याला सगळं सामान परत आलं, खिळे मोकळे झाले, की कळायचं, आज समदे घरी चाललेत. मग मला बी जेवण जायचं. आता कोण गेलंय आन कोण परत आलंय, काय पत्ताच लागत न्हाई."

आभार मानायला गेलो होतो, पण तो शब्द माझ्या तोंडाला कधी लागलेला नाही. आत कोपऱ्यात पत्र्याची पेटी भरायला उघडून ठेवलेली दिसली. वळकटी बांधून तयार.

"रविवारची गाडी हाय," तो म्हणाला. "बाभूळ बी संपली."

घरी येऊन मी बंब पेटवला. दोन्ही पायांवर पाणी घेतलं, डाव्यावर जरा जास्तच. जेवताना मंडळीनं विचारलं, "मानलं का त्याचं उपकार?" मी म्हणालो, "मीठ कमी हाय."

सकाळी उठून मी सरळ त्याच्या खिडकीशी गेलो आणि गजावर टकटक केलं. बिराजदार बनियनवर आला.

"हातमोजे दे."

"कशाला?"

"लिंबं काडायचीत. काटं आसत्यात."

त्यानं मान वाकडी करून आमच्या लिंबाकडं पाहिलं. त्या झाडाला मोजून ओंजळभर लिंबं होती, आणि ती हातानं तोडत मी म्हातारा झालोय हे त्याला माहीत होतं.

"लिंबं?" तो म्हणाला.

"तुला काय करायचंय? आधी इश्यू, मग काम. का तुजा नेम बदलला?"

त्यानं मागं वळून पेटीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हातमोजे पेटीत तळाला गेल्यात, आण्णा. समदी पेटी उपसावी लागंल."

"मग उपस. मला घाई न्हाई."

तो पेटीशी जाऊन बसला. भांडी बाहेर आली, शर्ट आले, देवाचा फोटो आला. तो फोटो त्यानं भिंतीवर जिथला तिथं टेकवला. मग हातमोजे घेऊन खिडकीला आला, पण लगेच देईना.

"किती दिवस चालंल हे लिंबाचं काम?"

मी डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हातात दिली.

"झाड मोटं हाय," मी म्हणालो.