‘घे की’ची अधिकृत माहिती

काम करणारा माणूस कधी ना कधी काम सोडून जातो. कामाची माहिती त्याच्या आधीच गेलेली असते. हे सत्य जगात सगळीकडं लागू आहे. शाहूपुरीत जरा जास्तच लागू आहे, कारण आमचं ऑफिस तिथं आहे.

आमची ‘मगदूम संगणक’ ही संस्था गेली वीस वर्षं ‘धार’ नावाची प्रणाली चालवते. गावोगावच्या डेअरीत दूध मोजायचं, फॅट बघायची, पावती फाडायची, सगळं ‘धार’ करते. कसं करते हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती कधी बंद पडली नाही. (माहीत झालेली गोष्ट लोक दुरुस्त करायला जातात.)

यंदा दूध संघानं मोबाईल ॲप काढायचं ठरवलं. (संघाचं नाव घेत नाही, तिथं आमचे पावणे आहेत.) ॲप पुण्याची कंपनी करणार होती. ॲपनं ‘धार’शी बोलायचं कसं, कुठला शब्द टाकल्यावर ती काय करते, याचा लेखी तपशील त्यांनी मागितला. दोन प्रणालींच्या अशा बोलण्याच्या रीतीला एपीआय म्हणतात. लग्नाआधी दोन्हीकडची माणसं बसून याद्या करतात, त्यातलाच प्रकार. फक्त इथं रुसणारं कुणी नसतं, असं आम्हाला तेव्हा वाटत होतं.

आमचे मालक तात्यासो मगदूम मला म्हणाले, “लिहा की.”

मी दस्तऐवज विभागाचा प्रमुख आहे. लिहिणं माझ्या पदाच्या व्याप्तीत येत नाही. तेव्हा आदिती नावाच्या आमच्या नव्या इंजिनिअर मुलीनं एक यंत्रणा आणली. तिला सोर्स कोडच्या, म्हणजे प्रणालीच्या मूळ आज्ञांच्या, फायली खायला घालायच्या. ती त्यातला शब्द न् शब्द तपासून माहितीपुस्तिका आपोआप लिहून देते. कोड माणसानं वाचायचा नाही, पुस्तिकाही माणसानं लिहायची नाही. एवढी सोय असताना ती पुस्तिका माणसानं वाचावी, असा आग्रह धरणं आम्हाला बरं दिसेना. चहा येईस्तोवर तीनशे चाळीस पानं बाहेर पडली.

इथं आकाराम यांच्याविषयी सांगणं भाग आहे. ‘धार’चा सगळा कोड त्यांनी एकट्यानं लिहिला. गडी गडहिंग्लजकडचा. घरात जसं बोलायचा तसंच संगणकाशी बोलायचा. दूध मोजून घ्यायच्या आज्ञेला त्यांनी नाव दिलं ‘घे की’. फॅट तपासायच्या आज्ञेला ‘बघ की’. वजनकाटा स्थिर होईपर्यंत ‘थांब की’. काम संपल्यावर बाहेर पडायला ‘जा की’. नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात, म्हणून ‘की’चं स्पेलिंग त्यांनी कीबोर्डच्या खोक्यावर बघून घेतलं: के, ई, वाय. खोक्यावर चुकीचं कोण छापतंय?

यंत्रणेनं त्या स्पेलिंगचा जगात सर्वत्र होतो तोच अर्थ केला. पुस्तिकेत आलं:

‘घे की: हे कार्य दूध स्वीकारते. आवश्यक बाब: की. बघ की: सादर केलेली की तपासणे. थांब की: की मिळेपर्यंत थांबणे. जा की: की नसल्यास उत्पादकास परत पाठवणे.’

काय ती भाषा! तात्यासोंनी पान डोळ्यांना लावलं. “आयला, आपण एवढं सुरक्षित होतो व्हय?”

आदिती म्हणाली, “तात्या, कोडमध्ये की तपासणारी एक ओळ नाही. काहीही टाका, नाहीतर काहीच टाकू नका, दूध घेतंय ते.” तिचं वय लक्षात घेऊन आम्ही तिला चहा पाजला.

तरी शंका नको म्हणून खुद्द आकारामांना बोलावलं. ते आता जोतिबावर नारळ-गुलालाचं दुकान चालवतात. कानामागं गुलाल तसाच घेऊन आले. पुस्तिका उघडली, चष्मा पुसला, परत उघडली.

“एवढं डोकं मी लावलतं?”

“तुमचाच कोड आहे,” मी म्हणालो.

त्यांनी पानावरून हात फिरवला. “मग लावलं असंल की.”

शेवटच्या शब्दाची मी नोंद घेतली. मूळ लेखकानंही की असल्याचं मान्य केलं होतं. पुस्तिकेला सोनेरी बांधणी झाली, नारळ आकारामांनीच दुकानातला दिला.

पुण्याच्या कंपनीनं पुस्तिकेबरहुकूम ॲप केलं. दूध घालण्याआधी ॲप म्हणायचं, ‘की द्या’, आणि काहीतरी टाकल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. संघानं परिपत्रक काढलं: ‘उत्पादकांनी येताना की आणावी.’ कसली, हे पुस्तिकेत नसल्यामुळं परिपत्रकातही नव्हतं. कळंब्याजवळच्या एका डेअरीचे सेक्रेटरी गुंडू हुशार माणूस. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘चावी आणणे.’ माणसं आणू लागली. घराची, मोटरसायकलची, कपाटाची, एकानं तर सासरवाडीच्या ट्रॅक्टरची. चावीवर कोरलेला नंबर गुंडू ॲपमध्ये टाकायचे, मशीन टुंग करायचं, दूध आत.

त्या डेअरीचा पहिल्या आठवड्याचा अहवाल माझ्यापुढं आहे. चावी दिलेल्यांपैकी शंभर टक्के उत्पादकांचं दूध घेतलं गेलं. चावी न दिलेल्यांपैकी शंभर टक्क्यांचं परत गेलं. पुस्तिका खरी असल्याचा याहून मोठा पुरावा मागणारा माणूस भांडखोरच म्हणायचा.

चावी न दिलेले शंभर टक्के म्हणजे बनाबाई.

बनाबाईंच्या दोन म्हशी. घर त्या दुधावरच चालतं. घराच्या दाराला कडी, कडीला सुतळी. कुलूप घरात कधी आलंच नाही, तर चावी कुठली? सलग तीन दिवस त्यांचं दूध परत गेलं. घरात दही, ताक, परत दही. शेजारी आधी आवडीनं न्यायचे, मग दार लावून घ्यायला लागले. (त्यांच्याकडं कुलपं होती.) आणखी आठवडाभर असंच चाललं, तर एक म्हैस बाजारात न्यावी लागणार होती.

चौथ्या दिवशी मी आणि आदिती पाहणीला गेलो होतो. बनाबाईंनी किटली गुंडूंच्या टेबलावर आदळली.

“घे की रं!”

“की कुठाय?” गुंडूंनी विचारलं.

“घे म्हणतोय की!”

“तेच इचारतोय मावशी, कुठाय की?”

“तुझ्या म्होरं ठेवलंय की! डोळं फुटलं काय?”

गुंडूंनी किटली उचलून खाली बघितलं.

बनाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “कुलूप लावण्याजोगं माझ्या घरात हाय तरी काय? दोन म्हशी हायत, त्या दावणीला हायत. कुलूप न्हाय म्हणून दूध पांढरं न्हाय व्हय माझं? पोटच्या पोरीसारखी म्हस हाय, ती इकू काय आता तुझ्या चावीपायी?” रांगेतली माणसं आपापल्या चाव्यांकडं बघायला लागली.

आदितीनं माझा दंड धरला. “सर! घे की! आकारामकाकांनी हेच लिहिलंय! ही चावी नाही, हे आपलं बोलणं आहे!”

मलाही ते ऐकू आलं. मी जन्मानं कोल्हापूरचाच आहे. पण ऐकू येणं आणि मान्य करणं यांच्यामध्ये एक पायरी असते, तिला पद म्हणतात. मी म्हणालो, “पुस्तिका आपोआप तयार होते. तिच्यात माणसानं हात घालायचा नाही. दुरुस्ती करायची तर कोडमध्ये कर, यंत्रणा वाचेल.”

त्याच दुपारी आदितीनं ‘घे की’च्या वर ठळक टीप लिहिली: ‘इथे की लागत नाही.’ यंत्रणेनं फायली परत वाचल्या. तिला हिंदीही येते आणि हिंदीत ‘लागत’ म्हणजे खर्च. नव्या आवृत्तीत आलं: ‘की: लागत नाही. मोफत उपलब्ध.’

संघानं तात्काळ ‘मोफत की योजना’ जाहीर केली. मंगल कार्यालयात मांडव, फेटे, भाषणं. पहिल्या लाभार्थी बनाबाई. त्यांना संघाच्या साहेबांच्या हस्ते एक चकचकीत चावी मिळाली. (कुलूप योजनेत बसत नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी गुंडूंनी नंबर टाकला, टुंग झालं, दूध आत गेलं. बनाबाईंनी विचारलं, “कशाची रं ही?”

“दुधाची,” गुंडू म्हणाले.

बनाबाईंनी ती पदराला बांधली. म्हैस वाचली. हल्ली रांगेत नवं कुणी दिसलं की त्याच विचारतात, “चावी आणलीस न्हवं? न्हायतर घेत न्हाईत हां.”

आता तुम्ही हसत असाल. हसा की. पण मागं त्या कचेरीत तुम्ही फोटोवर सही, सहीवर शिक्का आणि झेरॉक्सचीच झेरॉक्स दिलीत. ती कशाला लागते, हे खिडकीतल्या माणसालाही ठाऊक नव्हतं. तुमचं काम झालं, म्हणजे ती लागतच होती, असं तुम्हीच नंतर चारचौघांत सांगितलंत. बनाबाई निदान भांडल्या तरी. तुम्ही फक्त किती प्रती, एवढंच विचारलंत.