आत मांजर नाही

"आई, तुम्ही अगदी निर्धास्त जा! एकवीस वर्षं कारखान्याची सुरक्षा सांभाळतोय. साधं बोट खरचटल्याची नोंद नाही!"

"नोंद नाही," बायको चहा गाळता गाळता म्हणाली. "खरचटलं पुष्कळांना."

सुरक्षा अधिकाऱ्याने तिकडे साफ दुर्लक्ष केलं. सासूबाई हिवाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस थोरल्या बहिणीकडे निघाल्या होत्या. सहा वर्षांत बहिणी-बहिणींची भेट नव्हती, कारण सासूबाईंच्या ढमीला सांभाळणार कोण? ढमी म्हणजे त्यांची मांजर, नावाप्रमाणेच गोलमटोल. या वर्षी जावयाने छातीठोकपणे जबाबदारी घेतली होती. बस एकची होती आणि आता दहा वाजत होते.

"थंडीत ती ऊब शोधत कुठेही शिरते हं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आणि ऊब मिळून झोपली, की हाकेला ओ देत नाही."

हे ऐकताच जावईबापूंच्या डोक्यात कुतूहलाचा किडा वळवळला. मांजराला हे घर दिसत तरी कसं असेल? ते समजल्याशिवाय धोके कळणार कसे? त्यांनी टॉर्च घेतला आणि चक्क चार पायांवर उतरले!

खालून घर वेगळंच दिसत होतं. हीटरची वायर थेट नाकासमोर लोंबत होती. सोफ्याखाली सुई होती, दोराही होता. फ्रिजच्या मागची बाजू छान कोमट होती. त्यांनी तिला गाल लावून पाहिला आणि जरा वेळ तिथेच राहिले.

"अहो, झोपलात का?"

"तपासणी चालू आहे!"

मग कारखान्याची पद्धत सुरू झाली. जागा तपासायची, पिवळी चिकटपट्टी लावायची, वर चिठ्ठी डकवायची: 'तपासले. आत मांजर नाही.' खाली नंबर, वेळ आणि सही. औषधांचं कपाट, वॉशिंग मशीन, चॉकलेटांचा डबा, पलंगाखालचा रजयांचा खण, काही म्हणून सोडलं नाही. साडेअकरापर्यंत घराचा असा काही बंदोबस्त झाला, की बायकोला चमचा मिळेना.

"अहो, साखर कुठंय?"

"सील नंबर चार."

"मग उघडा की!"

"असं कसं उघडू? ज्याने सील लावलं, त्याने ते तोडायचं नाही! दुसऱ्याची सही लागते."

"मी आहे ना दुसरी!"

"तू घरची. त्रयस्थ माणूस हवा."

बायकोने बिनसाखरेचा चहा त्यांच्यापुढे आदळला.

पावणेबाराला सासूबाई पर्स घेऊन उठल्या. "ढमे, येते हं मी! ढमे?"

ढमीचा पत्ता नव्हता. सोफा हलवला, पडदे झटकले. ढमीला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सासूबाई पाऊल उचलणार नव्हत्या आणि बस-स्टँड अर्ध्या तासावर होता. तेवढ्यात पलंगाखालच्या खणातून बारीक आवाज आला. "म्याँव."

जावईबापू पोटावर आडवे झाले आणि त्यांनी खणाला कान लावला. "सील नंबर नऊ. शाबूत आहे. सही माझीच. आता आत मांजर नाही म्हटल्यावर ओरडतंय काय?"

त्यांनी दोनदा टकटक केलं. दोनदा म्याँव आलं.

"विलक्षण आहे! प्रतिध्वनी असणार."

"जावईबापू, प्रतिध्वनी म्याँव करत नाही!"

"अहो," बायको म्हणाली, "हा खण तपासलात, पट्टी संपली, नवी आणायला गेलात. तेवढा वेळ खण उघडाच होता की!"

सासूबाईंनी पट्टीला हात घातला, तसे जावईबापू ओरडले, "आई, थांबा! दोन मिनिटं! नियम म्हणजे नियम!" आणि त्रयस्थ माणूस आणायला जिना उतरले.

तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांनी उभ्या आयुष्यात न वाचता सही केली नव्हती. ते चष्मा पुसून स्वयंपाकघराकडे वळले.

"मास्तर, इकडे! नऊ नंबर!"

"एकपासून बघतो. क्रम चुकवून चालत नाही."

तिसऱ्या चिठ्ठीपाशी त्यांनी एक अनुस्वार राहिल्याचं दाखवलं. पाचवीवरची वेळ त्यांना वाचता येईना. सातवीपाशी ते पोचले, तेव्हा घड्याळात पाऊण वाजला होता. सासूबाईंनी ना क्रम पाहिला ना नियम. सरळ टर्रकन पट्टी ओढली!

तीन रजयांवर ढमी पसरली होती. तिने जांभई दिली आणि सगळ्यांकडे बघितलं. सासूबाईंनी तिला छातीशी धरलं आणि त्यांना रडू फुटलं. बस आता मिळणार नव्हती. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षांनी जुळून आलेली भेट त्यांच्या एका सहीने बुडवली होती.

"आई, चुकलं माझं. अगदी चुकलं."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि बहिणीला फोन लावला. सगळी हकिकत सांगितली, अगदी अनुस्वारासकट. सांगता सांगता त्यांना हसू यायला लागलं. "मग तूच ये ना इकडे, ताई! पोपट? अगं, त्यालाही घेऊन ये! मांजर आहे तर काय झालं, जावईबापू आहेत ना घरात!"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. सासूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि जावयाकडे वळल्या.

"ती यायला तयार आहे. पण पिंजरा एकच आहे म्हणते. त्यात पोपटाला ठेवायचं, की तुम्हाला?"