नारायण मिस्त्रीचा पाण्याचा गिलास

कनेरगाव नाक्यावरचा नारायण मिस्त्री ब्रेकचं तेल पाण्यात टाकून पाहतो. तुम्ही डबा घेऊन गेलात की रामराम नाही, काही नाही, काचेचा गिलास पुढं. चार थेंब पाण्यात सोडतो अन् गिलास उन्हात धरून बसतो. तेल मिसळलं तर ब्रेकचं. तरंगलं तर डबा परत, सोबत दोन शिव्या. लोक हसतात. तो म्हणतो, "इंजीन बंद पडलं तं गाडी हुभी राह्यते. ब्रेक बंद पडला तं राह्यत न्हाई. हसा आता."

उघडा डबा तो गॅरेजात येऊ देत नाही. "उघडं तेल हवेतलं पाणी पेते, मालक." डिझेलनं रबर फुगतं. एका ड्रायव्हरनं ब्रेकचं रबर त्यानंच धुतलं, तर पान्हा घेऊन त्याला हॉटेलापर्यंत पळवलं.

मी दुसरी नापास, पण चाळीस वर्षं ट्रक चालवला. मला कोणी ट्रक शिकवू नये. म्हणून आमचं कधी पटलं नाही.

मागच्या हंगामात माझ्या जुन्या ट्रकचे ब्रेक पेडल सोडलं तरी धरून राहायला लागले. दुसऱ्या दिवशी पोरगा ज्ञानोबा हळद भरून निघणार, वाटेत औंढ्याकडचा उतार. गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं मागचं एक चाक खोलून आतलं रबर काढलं. पुरीसारखं फुगलेलं.

"मालक, यात काय घातलं व्हतं?"

"ब्रेक ऑईल."

"कोणतं?"

"ब्रेकचं म्हणलं ना! काहून उलटतपासणी करून राहिला?"

खोटं होतं. पोळ्याच्या वक्ताला तेल कमी पडलं, दुकान बंद, तर मी जॅकचं तेल ओतलं होतं. म्हणलं, तेल ते तेल. पण ज्ञानोबा शेजारीच उभा. पोरासमोर कसं कबूल करायचं?

मिस्त्री रबर उलटंपालटं करत म्हणाला, "तुमी म्हणता तं हे एकच बदलतो, अन् जा. पण दुसरं तेल गेलं असंन, तं चारी चाकं, वरचा सिलेंडर, पाईप, सारे रबर फेकून द्या लागतेत. वरून नवं तेल कितीबी भारी टाका, उतारावर दगा देईन. तुमच्या जबानीवर काम."

"बाबा सांगून राहिले ना," ज्ञानोबा म्हणाला. "टाका एक रबर. टाईम होऊन राहिला."

मिस्त्रीनं नवं रबर बसवलं. एक बोल्ट आवळला. दुसरा घेतला. आता ध्यानात येतं, बोल्टाला इतका वेळ तो कधी लावत नाही.

"जॅकचं घातलं व्हतं," मी म्हणालो.

ज्ञानोबानं माझ्याकडं पाहिलं. मिस्त्रीनं नाही. "पाण्यात टाकून न्हाई पाह्यलं?"

"तुझ्यासारखा येडा न्हाई मी."

"व्हय," म्हणाला अन् आवळलेला बोल्ट परत सोडवायला लागला.

रबर अन् तेल आणायला ज्ञानोबा हिंगोलीला निघाला. मी मागून ओरडलो, "ब्रेक ऑईल पाच नंबरचं आण. आकडा मोठा तं तेल भारी!"

"गाडीतल्या ब्रेक ऑईलच्या डबीच्या झाकणावर तीन लिव्हलंय," मिस्त्री म्हणाला. "तीन न्हाई भेटलं तं चार आण. शिलबंद. पाच म्हंजे न्यारंच तेल, ते आणलं तं तुझ्या बापालेच पाजतो."

सगळं धुऊन, बसवून दिवस कलला. ज्ञानोबा हळदीची पोती पाहायला गेला. पाईपातली हवा काढायची राहिली. हे काम दोघांचं. एकानं वर पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकाशी हवा सोडायची. मी केबिनमध्ये चढलो.

"दाब." दाबलं. "धर." धरलं. खालून फसफस आली. "सोड."

मला कोणी अरेतुरे करत नाही. पण आज मीच चोर, तो म्हणंल तसं दाबत राहिलो. दोन चाकं झाली.

"दाब, कौसे."

मी दाबलं.

"धर. पाय भरून आला का वं? एकच चाक राह्यलं मंग."

कौसाबाई म्हणजे त्याची बायको. लुगडं सावरत केबिनमध्ये चढायची अन् तीच पेडल दाबायची. तिला जाऊन दोन वर्षं होत आली.

खालचा आवाज थांबला. पान्हाही वाजेना. पेडल घट्ट लागत होतं, पोटरीत गोळा येऊन राहिला होता.

"मिस्त्री," मी वरूनच म्हणालो, "धरलंय मी. होऊ दे तुझं निवांत."